नाकोबांचं सूप

अख्खी गल्ली त्यांना नाकोबा म्हणायची, अगदी तोंडावर, आणि ते खूशही व्हायचे. फायर ब्रिगेडमध्ये तीस वर्षं काढलेला माणूस. एकदा छापखान्यावरून जाता जाता नुसतं नाक वर करून "गॅस गळतोय, बाहेर या सगळे" म्हणाले आणि चाळीस माणसं वाचली. रिटायर झाल्यावर हे नाक गल्लीच्या कामाला आलं. दूध नासलंय का, तेल खवट झालंय का, मासळी ताजी आहे का, चला नाकोबांकडे. ते डोळे मिटून हुंगणार आणि निकाल देणार. त्यावर अपील नाही.

आणि आता गंमत ऐका. मागच्या थंडीत ताप येऊन गेला, तेव्हापासून या नाकाला कसलाच वास येत नव्हता. गुलाब म्हणू नका, रॉकेल म्हणू नका. दहा महिने झाले, पण पठ्ठ्याने बायकोलासुद्धा पत्ता लागू दिला नाही. लोक आणतील ते हुंगायचं, रंग बघायचा, आणणाऱ्याचं तोंड बघायचं आणि द्यायचं ठोकून.

त्या दिवशी लेक जेवायला यायची होती. सातवा महिना लागलेला. आधी दोनदा दिवस गेले होते आणि दोन्ही वेळा पदरी काही पडलं नव्हतं, म्हणून सगळे तिला तळहाताच्या फोडासारखं जपत होते. तिने मागून मागून काय मागितलं, तर बाबांच्या हातचं वाटाण्याच्या डाळीचं सूप, तेही त्यांनी मागच्या अंगणातल्या पिंपात धुरी दिलेलं मांस घालून. नाकोबा आणि त्यांची बायको दोन दिवस नाकोबांच्या बहिणीकडे राहून सकाळीच परतले होते. बायकोने फ्रिजमधून हाडासकट तुकडा काढला आणि त्यांच्या नाकाशी धरला.

"बघा हो, बरं आहे ना?"

"फर्स्टक्लास!" सवयीने तोंडातून निघून गेलं.

भिजलेली डाळ, कांदा, गाजर, मांस, सगळं पातेल्यात पडलं. वर आलेला फेस त्यांनी काढून टाकला. एवढ्यात शेजारीण दूध घेऊन दारात हजर.

"परवा दिवसभर लाईट नव्हती हो, फ्रिजचं नुसतं कपाट झालं होतं. हे ठेवू की टाकू?"

म्हणजे आपलं मांसही परवा दिवसभर बंद फ्रिजमध्येच होतं, हे नाकोबांच्या लक्षात आलं. "टाक, टाक," ते म्हणाले. मग कसनुसं हसून विचारलं, "आमच्या पातेल्याचा वास कसा येतोय गं?"

"अगंबाई! तुम्ही मला विचारताय?" ती हसतच सुटली. "आम्हाला काय कळतंय त्यातलं!"

ती गेली आणि हे ढवळत बसले. डाळ विरघळून दाट व्हायला लागली. मांस दाबून पाहिलं, चिकट लागतंय का म्हणून. धुराने काळं झालेल्या तुकड्याचा रंग तरी काय डोंबल सांगणार! चाखून पाहिलं, तर खारटपणापलीकडे काही कळेना. नाक गेलं की जीभही अर्धी जाते. मांजरीला तुकडा टाकला, तिने चट्टामट्टा केला. पण ती मेली साबणसुद्धा चाटते, तिच्या साक्षीवर काय भरवसा!

टाकून द्यावं? मग कारण काय सांगायचं? खरं बोलावं, असं चारदा मनात आलं आणि चारदा त्यांनी ते मागे सारलं. नाक नसलेल्या नाकोबाला कोण विचारतं? ते घाबरले होते, सरळ सांगायचं तर. लेकीसाठी घाबरले होते आणि स्वतःच्या इभ्रतीसाठीही, आणि या दुसऱ्या भीतीची त्यांना लाज वाटत होती. एवढं उकळलंय, आता काय व्हायचंय, असं स्वतःला समजावत त्यांनी पुन्हा डाव फिरवला. सदरा घामाने भिजला होता.

दुपारी लेक आली, कमरेवर हात ठेवून हळूच खुर्चीत टेकली. आईने वाडगा पुढे ठेवला. लेकीने चमचा तोंडाशी नेला आणि थांबली.

"बाबा, वास जरा वेगळा येतोय का?"

"या दिवसांत असंच होतं गं," आई म्हणाली. "बाबांनी बघितलंय सकाळी."

"मग काय प्रश्नच नाही," म्हणत तिने चमचा पुन्हा उचलला.

"थांब!" नाकोबांनी तिचा हात धरला. चमचा खाली पडला, वाडगा कलंडला, सूप टेबलभर झालं. "खाऊ नकोस. मला वास येत नाही. दहा महिने झाले, कशाचाच येत नाही."

लेकीचा हात पोटावर गेला. बायको फडकं घेऊन उठली आणि तशीच उभी राहिली.

"मला आला होता वास," ती म्हणाली. "सकाळीच."

"मग बोलली का नाहीस?" ते खरोखरच रागावले.

"तुमच्या नाकापुढे या घरात कधी कुणी बोललंय का?"

ते आधारासाठी लेकीकडे वळले. तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही. पोटावरचा हात न काढता, आईच्या बोलण्याला तिने हळूच मान डोलावली.