शनिवारची घासणी

मत्स्यकेंद्रातल्या मावशींना स्वच्छतेचं वेडच होतं. घरी त्यांचा नवरा म्हणायचा, मी फार वेळ एका जागी बसत नाही बाबा, ही मलाही पुसून काढेल. केंद्राच्या मॅडम मात्र त्यांच्यावर बेहद्द खूश. कोपऱ्यातल्या टाकीची काच तर अशी लख्ख, की आत पाणी आहे की नाही कळू नये.

त्या टाकीत नदीतले मूळचे मासे होते, बोटाएवढे, शेपटीशी काळा ठिपका असलेले. नदीत गाळ भरला नि ते दिसेनासे झाले. उरले ते हे नऊच. आयुष्य जेमतेम चार वर्षांचं, त्यातली तीन सरलेली. यंदा वीण झाली नाही तर संपलंच सगळं. मॅडमनी पाणी गार करून पाहिलं, कोमट करून पाहिलं, खाणं बदललं. मासे ढिम्म.

मावशींना मात्र भलताच प्रश्न छळत होता. त्यातला एक नर एरवी अगदी गरीब गाय. पण शनिवारी माशांना लपायला ठेवलेले पाइप घासायला गेलं की बोटाला डसायचा, तेही फक्त डावीकडच्या पाइपापाशी. मी याचं काय घोडं मारलंय? शेवटी एका शनिवारी त्यांनी ब्रश बाजूला ठेवला, पर्समधला छोटा आरसा पाण्यात बुडवला आणि पाइपात डोकावून पाहिलं. आत वरच्या बाजूला मोहरीएवढी पिवळसर अंडी चिकटलेली, आणि नर उलटा होऊन त्यांना परांनी वारा घालत होता.

मावशी हरखल्याच. मग नजर बाजूला ठेवलेल्या ब्रशकडे गेली. दोन वर्षं दर शनिवारी याच पाइपात त्यांचा ब्रश फिरला होता. गप्प बसल्या असत्या तर कुणाला कळणार होतं? पण मग पाइप घासायचे थांबवायला कारण काय सांगायचं? त्या तशाच ओल्या हातांनी मॅडमच्या खोलीत गेल्या.

"अंडी घालतायत ते. मीच धुऊन टाकत होते."

मॅडम धावत आल्या, आरशात बराच वेळ बघत राहिल्या. मग भिंतीवरच्या कामांच्या यादीकडे वळल्या. 'दर शनिवारी पाइप आतून घासणे.' अक्षर त्यांचंच होतं.

"मावशी, सांगितलं होतं मीच," म्हणत त्यांनी ती ओळ खोडली.

नवव्या दिवशी पाइपातून केसाएवढी पिल्लं बाहेर आली. मावशी मोजायला बसल्या, पण एक्केचाळीसला चुकल्या. काचेवर शेवाळ धरलं होतं. पुसायला हात नुसते शिवशिवत होते. त्यांनी ते पाठीमागे घट्ट धरले आणि पुन्हा एकपासून सुरुवात केली.