लेकीच्या बैठकीआधी घेतलेली इंजेक्शनं

संयुक्त महाराष्ट्राच्या त्या वर्षांत लालबाग-परळात हळू आवाजात कोणी बोलतच नव्हतं. भिंती घोषणांनी भरल्या होत्या. आमच्या घोडपदेवच्या चाळीतल्या म्हाताऱ्या नळावर भांडतानासुद्धा 'झालाच पाहिजे' म्हणून घागर पुढे सरकवायच्या. सगळी मुंबई पेटलेली, आणि नेमका त्याच मुहूर्तावर मी विझलो.

मी रे रोडला आधी खांद्यावर ओंडके वाहिले, मग पाडलेल्या घरांचं जुनं लाकूड घेऊन विकू लागलो, मग स्वतःची वखार थाटली. भांडवल म्हणाल तर घसा. मी भाव करू लागलो की समोरच्या वखारीतलं गिऱ्हाईकसुद्धा मुकाट्याने कबूल होई, असं लोक म्हणत. खोटं कशाला म्हणतील?

पन्नाशी उलटली आणि दुपारी जेवल्यावर वखारीतच डोळा लागू लागला. दंड उतरले. दाढी एक दिवसाआड केली तरी चालू लागली. रात्रीच्या बाबतीत बायको काही बोलली नाही. उलट फार समजूतदारपणे वागू लागली, ते जास्त झोंबलं. आणि कहर म्हणजे गिऱ्हाईक म्हणे, 'कमी करा,' आणि मी कमी करी.

घरच्यांना काय आनंद! 'यांचा स्वभाव किती निवळला हो,' असं बायको शेजारणींना कौतुकाने सांगे. जसा काही मी गढूळ पाण्याचा हंडा होतो आणि कोणी त्यात तुरटी फिरवली होती.

त्याच सुमारास लेकीचं लग्न जुळत आलं. मुलगा शिवाजी पार्कचा, चांगल्या नोकरीचा. त्याने हिला पसंत केलेलं, हिने मनात संसार मांडलेला. राहिली होती फक्त देण्याघेण्याची बैठक. बायको म्हणाली, "अहो, बैठकीत माझा भाऊ बोलेल. तुम्ही नुसते बसा."

हा माझा मेहुणा गिरगावात कारकून. भाजीवाल्याने सांगितलेला भाव देऊन वर त्याचे आभार मानणारा. त्याने माझ्या लेकीची बोलणी करायची आणि मी गणपतीपुढच्या उंदरासारखं बाजूला बसायचं! अख्ख्या रे रोडमध्ये माझं नाव काय राहिलं असतं? मी बायकोला म्हटलं, "बोलणी मीच करणार," आणि कोणाला न सांगता गिरगावातल्या एका डॉक्टरकडे गेलो. विलायतेला जाऊन आलेला होता, म्हणजे निदान बोट तरी चांगली पाहिलेली.

त्याने मला सगळीकडे तपासलं. जिथे तपासलं ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. मग म्हणाला, "पुरुषांचंही वयाबरोबर एक हॉर्मोन कमी होतं. सगळ्यांना औषध लागतंच असं नाही. तुम्हाला देऊन बघू. आठवड्यातून दोनदा इंजेक्शन."

"एकदाच द्या," मी सवयीने म्हटलं.

"बरं, एकदा."

मी चमकलो. आमच्या धंद्यात पहिल्याच बोलाला कबूल होणाऱ्याचा माल वाळवीने खाल्लेला असतो. मी म्हटलं, "नको. दोनदाच द्या."

"दोनदा तर दोनदा."

आता खात्रीच पटली की हा पाणी टोचणार. पण पाणी इतक्या जाड सुईने कोणी टोचत नाही. तेलातलं औषध होतं ते. बसण्याच्या जागी दोन दिवस सुपारीएवढी गाठ राही. ट्रामने परत येताना बाकं रिकामी असली तरी मी उभा. एकदा तर एका भल्या माणसाने उठून मला जागा दिली, त्याच्याशी मी भायखळ्यापर्यंत भांडलो. त्यावरून कळलं की औषध लागू पडतंय.

बैठकीच्या दिवशी आम्ही शिवाजी पार्कला मुलाच्या घरी गेलो. मला लाकडी खुर्ची दिली. आदल्याच दिवशी सुई घेतलेली. मी खुर्चीच्या हातावर बोटाचं पेर वाजवून पाहिलं: अस्सल बर्मा साग. घर बरं वाटलं. मुलाचे वडील नोकरीतून निवृत्त झालेले, रोज सकाळी मैदानाला फेऱ्या मारणारे, शांत. इतके शांत की मी आलो तरी नुसते हात जोडून हसले.

मी सुरुवात केली. "लग्न आमच्या चाळीच्या पटांगणात."

त्यांनी मान हलवली.

"खर्च ज्याचा त्याने."

मान हलवली.

"मानपान बेताचे. तुमच्याकडची माणसंही बेताची."

पुन्हा मान. वर ते मंद मंद हसणं. मेहुणा माझ्या कानाशी लागला, "दाजी, सगळं पदरात पडलंय. आता चहा प्या आणि उठू."

उठू? डोक्यात तिडीक गेली. शिवाजी पार्कचा शिकलेला मुलगा, आणि बाप एका शब्दानेही ओढून धरत नाही? मुलात नक्की काहीतरी पोकळ असणार. मी मुलाकडे वळून स्पष्ट विचारलं, "तुमच्यात खोट काय आहे?"

मुलगा गोरामोरा झाला. आतल्या दारात मुलाच्या आईच्या हातातला चहाचा ट्रे खडखडला. मेहुण्याने माझा सदरा ओढला. पण मी आता थांबतो होय! म्हटलं, "गिरगावात माझा डॉक्टर आहे. त्याच्याकडून मुलाला तपासून घेऊ. हॉर्मोन पुरेसं आहे ना, एवढं कळलं की झालं."

माझ्या डोळ्यांपुढे लेकीचा चेहरा आला आणि पहिल्यांदाच वाटलं, दोन पायऱ्या खाली उतरावं.

तेवढ्यात मुलाच्या वडिलांनी तोंडातलं काहीतरी गिळलं, रुमालाने तोंड पुसलं आणि चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाले, "व्याहीबुवा, माफ करा. जिभेखाली गोळी होती. विरघळेपर्यंत बोलायचं नाही, असं तुमच्याच डॉक्टरांनी सांगितलंय."

"माझ्या डॉक्टरांनी?"

"गिरगावातले, विलायतेहून आलेले, तेच ना? त्याच हॉर्मोनची गोळी. मी मान हलवत होतो ती ऐकतोय म्हणून. हो म्हणून नव्हे." आणि खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "आता बोलू. लग्न दादरला, हॉलमध्ये. दोन्ही अंगांनी तुम्ही करून द्यायचं. माणसं मोजायची नाहीत."

त्यानंतर जे झालं त्याला बैठक म्हणणं म्हणजे मोर्च्याला भजन म्हणणं. दोन म्हातारे, दोघांच्या अंगात एकच औषध. खाली रस्त्यावर लोक थांबून वर बघू लागले. त्यांना वाटलं, मुंबईचाच प्रश्न चाललाय. चहावर साय आली. पण मुलाला मी नुकताच जो प्रश्न विचारला होता, तो आता माझ्याच गळ्यातली धोंड झाला. ओढून धरू म्हटलं की मुलाची आई दारातून माझ्याकडे बघे. शेवटी हॉल दादरचा, दोन्ही अंगांचा खर्च माझ्याच माथी, माणसं न मोजता. माझ्या आयुष्यातला सगळ्यात वाईट सौदा, आणि तो मी ऐन जोमात असताना केला.

लेक खूश. बायको आजही सांगते, "माझा भाऊ सोबत होता म्हणून निभावलं." तो काय करत होता, तर सदरा ओढत होता.

मी दुसऱ्याच दिवशी ट्राम पकडून गिरगाव गाठलं. डॉक्टरला म्हटलं, "गोळी मिळते तर मला सुई का?"

तो शांतपणे सुई उकळत ठेवत म्हणाला, "शेठ, गोळी विरघळेपर्यंत तोंड बंद ठेवावं लागतं. तुमच्याकडे बघून मी सुईच ठरवली."

त्यावर मी जे बोललो ते खालच्या इराण्याच्या हॉटेलात ऐकू गेलं म्हणतात. डॉक्टरने माझं पूर्ण होऊ दिलं. मग म्हणाला, "झालं? आता पालथे व्हा."