कानापुढचं दुखणं

मिरजेत दातांचा दवाखाना चालवून मला बावीस वर्षं झाली. दातांचे किस्से विसरले जातात, जबड्याच्या सांध्याचे मात्र साचत राहतात. आमच्या असिस्टंट शोभाताई एका सोमवारी म्हणाल्या, "सर, आज दातवाले कमी आणि कानापुढं बोट ठेवणारेच लय!" तेव्हापासून येईल त्या मोठ्या माणसाला, दुखो न दुखो, मी विचारायला लागलो की तोंड उघडताना 'कट्' वाजतं का. वाजतं म्हणणारे इतके निघाले की मीच चरकलो.

*

पहिला किस्सा माझ्याच चुकीचा. लेकीकडं आलेल्या मेढ्याच्या एका मावशी दाढ दुखते म्हणाल्या, मी काढली. आठवड्यानं परत आल्या, दुखणं तिथंच! दुखत होता सांधा. "जाऊ द्या, तुमी तरी काय आत शिरून बघणार?" म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. ती चांगली दाढ मला अजून बोचते.

*

एका पोलीस पाटलांनी ग्रामसभेत मोठी जांभई दिली आणि जबडाच निसटला. तोंड उघडं ते उघडंच! सरपंचांना वाटलं, यांना काहीतरी बोलायचंय. त्यांनी माईक पुढं केला!

*

सतारी करणारे एक चाचा. सतारीच्या दांडीवर पडदे बांधताना दोऱ्याचं टोक दातात धरून ओढायची जन्माची सवय. म्हटलं, "चाचा, हे सोडा." त्यांनी दोन्ही हात माझ्यापुढं धरले. "हे दोन पडद्याला लागतात, डॉक्टर. तिसरा कुठनं आणू?"

*

कुपवाडच्या एका वर्कशॉपमधला टर्नर. दिवसभर दात आवळलेले. सोबत मालक बसलेले. मी विचारलं, "कामाचा काही ताण?" "न्हाई." तेवढ्यात मालकांना फोन आला, ते बाहेर गेले. टर्नर हळूच म्हणाला, "आता विचारा."

*

पलूसकडचे एक निवृत्त सुभेदार झोपेत करकरा दात खायचे. सकाळी जबडा उघडायचा नाही. झोपताना दातांवर चढवायला मी प्लास्टिकची पट्टी करून दिली. महिन्यानं आले ते हसतच. "जबडा एकदम फर्स्टक्लास!"

ते एक्स-रे काढायला आतल्या खोलीत गेले, तशा त्यांच्या मंडळी खुर्चीजवळ आल्या. डोळे खोल गेले होते.

"ह्यांचं दुखणं गेलं, डॉक्टर, पर माझी झोप गेली."

"का हो?"

"मागल्या साली ह्यांना अटॅक आला. तवापास्नं जाग आली की मी दात खाल्ल्याचा आवाज ऐकायची. वाजतंय म्हंजी माणूस हाय. आता कायबी वाजत न्हाई. सारखी उठून नाकाखाली हात धरून बघते."

मी आतल्या खोलीचं दार लोटून घेतलं.

"पट्टी एक दिवसाआड लावायला सांगा," त्या म्हणाल्या. "मी बोलले म्हणू नका."

सुभेदार बाहेर आले. मी केसपेपर ओढला आणि लिहिलं, पट्टी एक दिवसाआड.

त्यांनी वाचलं. "आवं, मधल्या दिवशी दुखंल की!"

"दुखू द्या थोडं," मी म्हणालो.