फळ्यावरची डाळिंबी साडी

नव्वदीच्या दशकात मी कोल्हापुरात एका वकीलसाहेबांच्या ऑफिसात टायपिस्ट होते. वय चाळिशीला टेकलेलं, दोन मुली शाळेत, आणि डोक्यात हवा अशी की विचारू नका. साहेब मजकूर सांगायचे आणि मी टाइप करायचे, एवढंच काम. पण संध्याकाळी घरी निघाले की माझी चाल अशी, जणू दिवसभराचे सगळे निकाल मीच देऊन आलेय. नवरा भाजीत मीठ कमी आहे म्हणाला तर मी त्याला म्हणणं लेखी द्यायला सांगायचे. बिचारा मुकाट्यानं वरून मीठ घ्यायचा.

त्यात माझं अक्षर चांगलं. तिथंच सगळा घात झाला.

आमच्या पेठांमध्ये तालमीच्या दारात बातम्यांचा फळा असतो. कोण वारलं, कुणाची म्हैस हरवली, कुणी कुस्ती मारली, सगळं खडूनं लिहिलेलं. साहेबांनी तीच तऱ्हा उचलली आणि ऑफिसच्या भिंतीला एक फळा टांगला. वकिलाला जाहिरात करता येत नाही, म्हणून त्यावर नाव नाही, गाव नाही. डावीकडं कायद्याच्या चार ओळी: रेशनकार्डावरचं नाव कसं बदलायचं, शेजाऱ्याच्या झाडाची फांदी आपल्या गच्चीवर आली तर काय करायचं. उजवीकडं गल्लीच्या बातम्या. साहेब शनिवारी चिठ्ठी द्यायचे आणि सोमवारी सकाळी मी लिहायचे. लोक सायकल टेकवून वाचायचे. मी आत बसून ते वाचताना बघायचे आणि फुगायचे.

एका शनिवारी कळंब्याहून एक बाई आल्या. पन्नाशीच्या आतल्या, अंगानं भक्कम, पिशवी मांडीवर घट्ट धरून बसलेल्या. त्यांचं माहेर आमच्या ऑफिसपासून दोन गल्ल्या पलीकडं. आईवडील गेलेले, पाठचा एकच भाऊ. घर वडिलांनी स्वतःच्या कमाईनं घेतलेलं, मृत्युपत्र नाही. भावानं येत्या गुरुवारी त्यांना जेवायला बोलावलं होतं. पुरणाच्या पोळ्या, ओटी, डाळिंबी रंगाची साडी, आणि जेवण झालं की रिक्षानं थेट नोंदणी कार्यालय. तिथं हक्कसोडपत्रावर सही, म्हणजे बहिणीनं आपला वाटा भावाला सोडून द्यायचा. आमच्याकडं ही रीतच होती. बहिणी जेवायच्या, साडी नेसायच्या, सही करायच्या आणि डोळे पुसत परत जायच्या.

या बाईंना मात्र घराची रस्त्याकडची खोली हवी होती. तिथं त्यांना मिरची कांडपाचं यंत्र बसवायचं होतं. उन्हाळ्यात आख्खी पेठ चटणी करून घ्यायला कुठंकुठं हिंडते, हे त्यांनी हेरलं होतं.

साहेबांनी सांगितलं की कायद्यानं अर्धं घर त्यांचं आहे, आणि त्यांच्या सहीशिवाय कुणाला काही करता येणार नाही. बाईंनी मान हलवली, पण चेहरा काही उजळला नाही.

"मला भांडाण न्हाय करायचं, साहेब," त्या म्हणाल्या. "मला ती खोली बी पायजे आन् म्हायेर बी पायजे. दोन्हीतलं एक गेलं तर दुसऱ्याचा काय उपेग?"

साहेबांनी थोडा विचार केला. बुधवारी भावाला चहाला बोलावून सगळं गोडीत समजावतो म्हणाले. तोवर कुणाकडं बोलायचं नाही, असं त्यांनी बाईंना बजावलं. मला बजावलं नाही. मी तिथंच बसले होते, कान होते, अक्कल असेल असं ते धरून चालले होते.

सोमवारच्या चिठ्ठीत दोनच ओळी होत्या: हक्कसोडपत्र नोंदवावं लागतं, आणि ते वाचून, समजून, स्वखुशीनं करावं. मला त्या फार कोरड्या वाटल्या. स्त्रीजातीचा कैवार माझ्या बोटात येऊन बसला होता. मी खाली मोठ्या अक्षरात लिहिलं: 'भगिनींनो, पुरणपोळी दोन तासांत पचते, डाळिंबी साडी दोन वर्षांत विरते, सही मात्र जन्मभर राहते.' खाली रंगीत खडूनं वेलबुट्टीही काढली. मग दोन पावलं मागं जाऊन मी स्वतःचं कौतुक करून घेतलं.

अकराच्या सुमारास पहिला भाऊ आला. सायकलदुरुस्तीवाला. आपल्या थोरल्या बहिणीनं इथं येऊन काही सांगितलं का, एवढंच त्याला विचारायचं होतं. त्याच्या मागून एक निवृत्त मास्तर आले. त्यांच्या बहिणीनं वाटा स्वखुशीनं सोडला होता, बारा वर्षं झाली होती, आणि साडी डाळिंबी नव्हती, हिरवी होती, हे त्यांना नोंदवून ठेवायचं होतं. दुपारी एक रिक्षावाला आला आणि कुणी काही न विचारताच खुलासा करू लागला. बाकड्यावर तीन भाऊ शेजारी शेजारी बसले आणि एकमेकांकडं बघेनात. साहेब कोर्टातून आले, बाकडं बघितलं, बाहेर जाऊन फळा बघितला, परत आले आणि माझ्याकडं बघितलं. मी टाइपरायटरची फीत बदलायला घेतली. ती सकाळीच बदललेली होती.

संध्याकाळी खरा भाऊ आला. लेथच्या कारखान्यात फोरमन, हाताला अजून ऑइल. साडी त्यानं कपाटात ठेवली होती, आणि तिचा रंग त्याची बायको आणि बहीण सोडून कुणालाच माहीत नव्हता. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो अगदी सावकाश बोलला. आक्कानं घरातली गोष्ट चव्हाट्यावर मांडली, आता गुरुवारी तिनं यायचं कारण नाही, आणि पुढंही नाही. सही नको, खोली नाही, येणंजाणंही नाही. एवढं सांगून तो निघून गेला.

दोन महिने वाट बघून घेतलेल्या नव्या पर्ससारखी मी मिरवत असलेली माझी हुशारी तिथंच जमिनीवर सांडली. साहेब रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "लिहिलं तुम्ही. पुसा तुम्ही. आणि नुसता फळा नव्हे."

मी ओलं फडकं घेऊन बाहेर आले तर एक आजोबा चष्मा लावून वाचत होते. "थांबा की बाई," म्हणाले, "अजून माझं वाचून व्हायचं हाय."

गुरुवारी मी त्या भावाच्या घरी गेले. दारातच पाय अडखळले, कारण कळंब्याच्या बाई माझ्याआधी येऊन पुढच्या सोप्यात बसल्या होत्या. बोलावणं मोडलं तरी त्या आल्या होत्या. भाऊ भिंतीकडं तोंड करून उभा. मी कबूल केलं: आक्कांनी कुठं काही मांडलं नाही, त्या फक्त विचारायला आल्या होत्या, चव्हाट्यावर मांडलं ते मी, शहाणपणा माझा, वेलबुट्टीसकट. बाईंनी माझ्याकडं असं बघितलं की मला ते डोळे आजही आठवतात. पण भाऊ काही वळला नाही. बहीण वकिलाची पायरी चढलीच कशाला, एवढंच त्याचं चाललं होतं.

तेवढ्यात त्याची बायको स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली. माहेर गडहिंग्लजचं. आवाज खणखणीत.

"अवो, गेल्या साली माझ्या भावानं माझी सही घेतली तवा तुमी मला काय म्हणालासा?"

भावानं भिंतीवरचं कॅलेंडर सरळ केलं.

"सांगा की पावण्यांच्या म्होरं. खुळी हायस म्हणालासा. वाटा सोडून आलीस, हातात काय, तर साडी, म्हणालासा. मग तुमच्या आक्का खुळ्या न्हाईत, यात त्यांची चूक काय?"

मग भाऊ हळूहळू वळला. बहिणीकडं बघायचं टाळून त्यानं रस्त्याकडच्या खोलीकडं बोट केलं आणि विचारलं, यंत्राला थ्री फेज लागंल, मीटरचं काय करणार?

आक्कांनी पदर तोंडाला लावला. हसत होत्या की रडत, मला कळलं नाही, आणि या वेळी मी विचारलंही नाही.

वाटणीपत्र मीच टाइप केलं. रस्त्याकडची खोली बहिणीची, बाकीचं घर भावाचं. अर्ध्याचा हिशोब करायला त्या स्वतःच नको म्हणाल्या. साहेबांनी तीनदा वाचून घेतलं, एकही शब्द माझ्या पदरचा नाही ना ते बघायला.

मार्चमध्ये कांडप सुरू झालं. पहिल्या दिवशी आख्खी गल्ली शिंकत होती आणि भाऊ माडीवरून ओरडत होता, "आक्का, खिडकी लाव की!" आणि आक्का खालून त्याला जेवायला कधी उतरतोस म्हणून विचारत होत्या.

मी दोन किलो ब्याडगी मिरची घेऊन रांगेत दुसरी उभी होते. आक्कांनी मला बघितलं, पिशवी घेतली आणि थेट रांगेच्या टोकाला नेऊन ठेवली.

"तुमचं शेवटाला, बाई," म्हणाल्या. "बसा निवांत. आन् कुणासंगं बोलू नगा."

चार तास बसले. कुणाशी एक शब्द बोलले नाही. चटणी मात्र फक्कड झाली.