वहिनीचे तळपाय

आमच्या वहिनीला ऐकू येत नाही. चार वर्षांची असताना ताप आला आणि कान घेऊन गेला. लग्न ठरलं तेव्हा नातेवाइकांनी नाकं मुरडली. दादा म्हणाला, "मी दिवसभर इंजिनांची बोंबाबोंब ऐकतो. घरात कुणीतरी शांत हवंच." तो असाच, तोंडानं फटकळ.

गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड, गाडीखाली उतरायला खणलेला खड्डा आणि मागे दोन खोल्या. दादा मेकॅनिक, मी वायरिंगवाला. वहिनी चहा करते असं लोकांना वाटायचं. डोंबल! गाडीतली थरथर नेमकी कुठून येते, हे आमच्याकडे शेवटी वहिनी ठरवायची.

लग्नानंतर महिन्याभरातली गोष्ट. दादा तिला एका गिऱ्हाइकाच्या गाडीतून फिरवून आणत होता. चपला काढून ती मागे बसली होती. एकदम तिनं त्याच्या खांद्यावर बोटानं दोनदा टकटक केलं आणि मागे बोट दाखवलं. खोलून बघितलं तर मागच्या चाकाचं बेअरिंग गेलेलं. तेव्हापासून रीतच पडली. वहिनी मागच्या सीटवर, अनवाणी, डोळे मिटून. एकदा टकटक म्हणजे दोष पुढे, दोनदा म्हणजे मागे, तीनदा म्हणजे मधे. अख्खा तळहात ठेवला की गाडी ठीक. वीस वर्षांत ती चुकल्याचं मला आठवत नाही. दादा चुकायचा, मग ती त्याच्याकडे बघून हसायची. "हसू नकोस, दीडशहाणे," हा ओरडायचा. ते ओठांवरून वाचून ती आणखी हसायची.

मग ती गाडी आली. पंधरा वर्षांची, पण एकेकाळी बघत राहावी अशी. उंच, काळी, आत लाकडाच्या पट्ट्या, लेदरच्या सीटा. मालक दातांचे डॉक्टर. गाडी मधूनच थरथरायची. कधी चढावर, कधी सत्तरच्या पुढे, तर कधी आठवडाभर नाहीच. चाकं बॅलन्स करून झाली, टायर नवे झाले, तीन गॅरेजांनी हात टेकले.

"दाखवायला आणली की शहाण्यासारखी वागते हो," डॉक्टर म्हणाले. "आमच्याकडे दाढदुखीवाले येतात ना, अगदी तसं. खुर्चीत बसले की दुखायचं थांबतं."

आम्ही सगळे हसलो. ट्रायलला निघताना वहिनी पाय पुसून गाडीच्या दाराशी उभी राहिली.

"मिस्त्री, या कुठे निघाल्या?" डॉक्टरांनी विचारलं. "सीटा लेदरच्या आहेत, म्हणून म्हटलं..."

वहिनीच्या बाहीला ग्रीस लागलेलं होतं. दादानं तोंड उघडलं आणि मिटलं. आपली विद्या बहिऱ्या बायकोच्या तळपायांवर चालते, हे त्याला त्या माणसासमोर सांगवेना. "नाही नाही, ती अशीच उभी आहे," तो म्हणाला. वहिनीनं ते वाचलं. चपला हातात घेऊन ती आत गेली. दादाचा मला इतका संताप आला की विचारू नका.

त्या दिवसापासून तिनं त्याच्याशी अबोला धरला. खुणेनंही बोलेना. दादा चार दिवस गाडीखाली पडून होता. इंजिन ज्या रबरांवर बसतं ती फाटलेली निघाली. नवी घातली. मग पाण्यानं काठोकाठ भरलेला पेला पुढे ठेवून त्यानं गाडी लांबवर पळवून आणली. थेंब सांडला नाही. दादा अंघोळ करता करता गात होता.

तो अंघोळीला गेला होता तेवढ्यात वहिनीनं माझी बाही ओढली. गाडीकडे बोट दाखवलं. मी म्हटलं, चल. पाण्याच्या टाकीमागचा चढ चढलो. वर पोचता पोचता खांद्यावर टकटक झालं. एक, दोन, तीन. मला तर काहीच कळलं नव्हतं. गाडी खाली आणून पुन्हा चढवली, काही नाही. तिसऱ्या खेपेला मात्र तिचं बोट खांद्यात रुतलं. तीन.

मधे म्हणजे लांब शाफ्ट. गिअरबॉक्सची ताकद मागच्या चाकांपर्यंत नेतो तो. त्याचा पुढचा जोड रबरी असतो, आणि तो चिरला असेल तर ताण आला की थरथरतो, ताण गेला की गप्प. वहिनीनं खुणेनं सांगितलं, 'मी त्याच्याशी बोलत नाही. तू सांग.' मी मान डोलावली.

परत आलो तर डॉक्टर आधीच येऊन बसलेले. "तीन ठिकाणी जमलं नाही ते तुम्ही केलंत, मिस्त्री," ते म्हणत होते. दादा धुतलेला शर्ट घालून उभा होता, आणि इतका सुखावलेला मी त्याला कधी पाहिला नव्हता. मनात म्हटलं, आज मिरवू दे बिचाऱ्याला. सोमवारी काहीतरी निमित्त काढून गाडी खड्ड्यावर घेऊ. दोन दिवसांत रबर तुटतंय थोडंच. कपाळ माझं!

"चला, हायवेला एक चक्कर मारू," डॉक्टर म्हणाले आणि स्टिअरिंगवर बसले. दादा शेजारी. वहिनी दारात उभी होती. दादानं तिला हात केला. तिनं माझ्याकडे पाहिलं. 'सांगितलंस?'

मी मान हलवली. हो.

पुलाच्या चढावर, नव्वदच्या वेगात जोड तुटला. शाफ्टचं टोक खाली पडून रस्त्यात रुतलं आणि गाडी उलटली. डॉक्टरांचा हात मोडला. दादा जागच्या जागी गेला.

वहिनी रडली नाही. दादाचा फोटो तिनं भिंतीवर लावू दिला नाही, कपाटात पालथा ठेवला. कुणी काही विचारलं की खुणेनं सांगायची, 'मी कळवलं होतं. तरी गेला. शेवटी त्याला माझं खरं वाटलंच नाही.' नंतर ती कुठल्याच गाडीत बसली नाही. घरात मोजे घालून वावरायची. दोन वर्षं मी हे रोज बघत होतो आणि तिच्या हातचं जेवत होतो. माझ्यासारखा भेकड शोधून सापडायचा नाही.

गेल्या महिन्यात ती दादाचे कपडे फाडून गॅरेजसाठी फडकी करायला बसली. त्या दिवशीसारखाच एक धुतलेला शर्ट हातात घेतला तेव्हा मला राहवलं नाही. समोर जाऊन बसलो. तोंडानं सांगायचं असतं तर मान खाली घालून पुटपुटलो असतो. तिच्याशी बोलायचं तर डोळ्याला डोळा भिडवून, हात उचलून सांगावं लागतं.

'मी त्याला सांगितलंच नव्हतं.'

तिनं मला पुन्हा सांगायला लावलं. मग आणखी एकदा.

शर्टाची घडी करून तिनं तो बाजूला ठेवला. कपाटातून फोटो काढला, बाहीनं पुसला. मी हातोडी आणून दिली. खिळा तिनंच ठोकला, फोटो टांगला आणि त्याच्या काचेवर अख्खा तळहात ठेवून ती कितीतरी वेळ उभी राहिली. तेव्हा रडली. असला आवाज मी तिच्या तोंडून आधी कधी ऐकला नव्हता.

ती अजून माझ्यासाठी दोन्ही वेळा स्वयंपाक करते. मला हाक मारायची झाली तर आता लांबूनच भांडं आपटते. माझ्या खांद्याला तिचं बोट परत लागलेलं नाही.