पडद्याबाहेरचा बाक

आमच्या रश्श्याची तर्री पदरावर सांडली की कितीही धुवा, डाग राहतोच. किश्श्यांचंही तसंच आहे. खाणावळ बंद करून वर्षं झाली, पण जुनं कुणी भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला, "वहिनी, तो पोरांचा बाक आठवते का?" मग काय, मी सुरूच होते!

सत्तर-पंच्याहत्तरच्या सुमाराची गोष्ट. घरचे हातमाग बंद पडले, तेव्हा यांनी इतवारी बाजारात सावजी खाणावळ काढली. पुढे जेवणाची टेबलं, मागे परमिट रूम आणि मध्ये जाड हिरवा पडदा. पडद्याच्या आत लहान मूल दिसलं तर परवाना जाणार, असं सरकारने बजावलं होतं. पण सरकारला आमच्या मोहल्ल्यातल्या बायका कुठे माहीत होत्या!

रविवारी नवरा "मटण घेऊन येतो" म्हणत डबा उचलायचा, की बायको पोराला पुढे ढकलायची. "यालेही घेऊन जा. तेवढंच फिरणं होईन त्याचं." फिरणं कसलं? पोर म्हणजे पहारा! पोर बाहेर वाट पाहत असलं की माणूस एका ग्लासावर उठतो, हे बायकांना पक्कं ठाऊक होतं.

आत जायची सोय नाही, म्हणून ही पोरं नालीच्या काठावर बसून राहायची. मला ते बघवेना. मी स्वयंपाकघराच्या दाराशी, पडद्याच्या बाहेर एक लाकडी बाक टाकला. मूठभर भुईमुगाचे फल्लीदाणे, कधी उकडलेलं अंडं द्यायचे. पोरं माझ्या डोळ्यांपुढे राहायची.

हे मात्र चिडायचे. "तुह्या बाकानं धंदा मारला वं! लेकरू बाहेर बसलं की गिऱ्हाईक दुसरा पेग मागत नाही!"

"बाक उचलला तर मीही चुलीपुढून उठते," मी म्हणायचे. मसाला माझ्या हातचा होता. बाक राहिला.

* * *

एकदा बाकावरचा एक पोरगा कंटाळला आणि पडद्याकडे तोंड करून ओरडला, "बाबाऽऽ, चला ना!"

आत एकदम खुर्च्या सरकल्या. तोंडं पुसत चार-पाच जण बाहेर आले आणि बाकाकडे बघायला लागले.

"कोणाचा आहे गा हा?"

कोणाचाच नव्हता! ज्याचा होता, तो तेवढा आत निवांत बसून होता.

* * *

आमच्या मोहल्ल्यात एक गणिताचे गुरुजी होते. पांढरं धोतर, काळी टोपी, अंड्यालासुद्धा न शिवणारे. एका रविवारी ते मान खाली घालून आले आणि सरळ पडद्याकडे वळले. तोच अख्खा बाक उभा राहिला आणि वर्गातल्यासारखा एका सुरात म्हणाला, "नमस्ते गुरुजीऽऽ!"

गुरुजींचा हात पडद्यावरच थांबला. "मी... मी मटण न्यायले आलो," ते म्हणाले. आता बोलून बसले! मला आमच्याच डब्यात मटण भरून द्यावं लागलं.

पुढच्या रविवारी ते मागच्या दाराने, पाण्याच्या हौदाजवळून आले. "वहिनी, आज बाकावर कोण्या वर्गाची पोरं हायेत?" मी म्हटलं, "सगळी तुमचीच." त्यांनी सुस्कारा सोडला, घासूनपुसून लख्ख केलेला डबा माझ्या हाती दिला आणि हळूच म्हणाले, "तिखट जरा कमी टाकत जा."

* * *

सासूबाईंना या सगळ्याचा राग. "दारूच्या घरात लेकरं वाढवून राहिली ही! उद्या हिच्या पोरीले कोण करीन?" आमची नंदा तेव्हा सहा वर्षांची होती.

नंदाचं जाऊ द्या, आधी माझ्या नणंदेचं जमायचं होतं. उमरेडहून पाहुणे बघायला आले. सासूबाईंनी आम्हाला दम दिला होता, "खाणावळीचं नाव काढा, पण परमिटचं काढू नका!" पाहुणे सतरंजीवर बसले, पोहे आले. तेवढ्यात नंदा आली. खांद्यावर फडकं टाकलेलं, हातात पितळी ताट. दुसऱ्या मुली भातुकली खेळायच्या, ही वेटर-वेटर खेळायची! मुलाच्या वडिलांपुढे वाकून तिने विचारलं, "काका, सोडा की पाणी?"

सासूबाईंचा चेहरा पांढराफटक पडला.

आणि मुलाचे वडील पोह्यातून मान वर न करता म्हणाले, "पाणी. अर्धंच टाक."

मग त्यांच्या बायकोने कपाळाला हात लावला आणि सासूबाई खळखळून हसल्या. लग्न तिथेच ठरलं!

* * *

आमच्या हळदीकुंकवातही हा विषय निघायचाच. पोरांना अशा जागी पाठवावं का? एक कारकुनीणबाई नाक मुरडून म्हणाल्या, "शी! संस्कार बिघडतात मुलांचे."

आमच्या मागच्या गल्लीतली कमळाबाई मोठी फटकळ. "काहून बिघडतीन वं? माह्या पोरानं बापाले झोकांड्या खात येताना पाहिलं. मले म्हणते, आई, मी मोठा झालो का असा चालत येणार नाही."

"बघा!" मी खूश होऊन म्हटलं.

"थांब ना. म्हणते, मी रिक्षानं येईन!"

* * *

मग आमच्या भागाला परवान्यांचे नवीन साहेब आले. पुण्याकडचे, इस्त्रीसारखे कडक. त्यांनी बाटल्या पाहिल्या, कुलपं पाहिली आणि बाकापाशी येऊन थांबले. बाकावर तिघं-चौघं फल्लीदाणे सोलत होती.

"हे काय आहे?"

मी सगळं समजावून सांगितलं. नाली, पहारा, एक ग्लास. साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, मूल आणि दारू एका छपराखाली चालणार नाही. रविवारी येईन. बाक दिसला, तर परवाना रद्द समजा."

साहेब गेल्यावर यांनी मला काही टोमणा मारला नाही. एवढंच म्हणाले, "माग तर गेलेच. आता हेबी गेलं तर खायचं काय?" बाक यांनी स्वतः उचलून मागच्या अंगणात नेऊन टाकला.

रविवार आला. पोरं पुन्हा नालीवर. माझं रश्श्यात लक्ष लागेना, दर थोड्या वेळाने बाहेर डोकावत होते. संध्याकाळी साहेब स्कूटरवरून आले. अंगात साधा बुशशर्ट. रिकामी जागा पाहून त्यांनी मान हलवली. "छान. नियम म्हणजे नियम." मग इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाले, "आलोच आहे, तर जरा आत टेकतो."

ते पडद्याआड गेले. यांनी माझ्याकडे पाहिलं, मी रश्श्याकडे.

थोड्या वेळाने एक बाई दारात आल्या. इस्त्रीची साडी, हाताशी पाचेक वर्षांचा मुलगा. "अहो, इथे मुलांना बसायला बाक असतो ना? आमच्या शेजारीणबाई सांगत होत्या. फार चांगली सोय आहे म्हणाल्या."

"होता, बाई," हे म्हणाले. "काढला."

"का? कोणी काढला?"

हे पडद्याकडे बघायला लागले. तेवढ्यात मुलगा बाहेर बोट दाखवून ओरडला, "आई, ती बघ बाबांची स्कूटर!"

पडदा हलला. साहेब बाहेर आले. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग बाहेर नालीवर बसलेल्या पोरांकडे पाहिलं.

साहेब मुकाट्याने यांच्यासोबत मागच्या अंगणात गेले. एका टोकाला हे, दुसऱ्या टोकाला साहेब, असा दोघांनी बाक उचलून आणला. साहेबांनी तो रस्त्याकडच्या दाराशी, पडद्यापासून जितका लांब ठेवता येईल तितका लांब ठेवला.

"तिथे कशाला?" बाई म्हणाल्या. "पडद्याजवळ घ्या."

साहेबांनी बाक सरकवला.

"अजून."