दाजी आणि ध्रुवावरचा बर्फ

माझे सासरे दाजी गव्हाणचे मिठागरवाले. सरकारी भूसंपादनासाठी आलेल्या मोजणीवाल्यांनी विचारलं, "तुमचं कुठपर्यंत?" तेव्हा त्यांनी बाहेरच्या बांधावर पाय ठेवला. "हितवर आमचा. पुढं भरती येते, तो दर्याचा." बांधापलीकडे वीस वर्षं जाळी लावली होती, ते बोललेच नाहीत. ज्या शेजाऱ्यांनी वहिवाट सांगितली, त्यांची निदान सुनावणी झाली. मग भराव पडला, दर्याची जमीन झाली, तिच्यावर भलत्याच नावाची पाटी लागली. आम्ही पनवेलला फ्लॅटमध्ये आलो. आपण खरं बोललो, एवढंच दाजींपाशी उरलं.

माझा प्रणित मालवाहू जहाजावर थर्ड ऑफिसर. यंदा त्याचं जहाज उत्तर ध्रुवाकडच्या वाटेने निघालं.

"तिथं राज्य कोनाचा?" दाजींनी विचारलं.

मी वाचून सांगितलं. समुद्राच्या कायद्यात एक कलम आहे. वर्षातला बहुतेक काळ जिथे बर्फ असतो, तिथे प्रदूषण रोखायला किनाऱ्यावरचा देश जहाजांना नियम लावू शकतो.

"आनि बर्फ गेला तर?"

"तर तो देश म्हणतो नियम आमचेच. बाकीचे म्हणतात समुद्र मोकळा."

"म्हंजे त्यांच्या भांडनात आपला पोरगा."

बर्फ नाही तर परवानगी कशाला, असं म्हणून कंपनीने ती काढलीच नाही. अकराव्या दिवशी त्या देशाने जहाज अडवलं. पाणी पार मोकळं होतं. पहाऱ्यावर प्रणितच होता. वाटेत बर्फ होता, अशा जबाबावर तिथल्या अधिकाऱ्यांना त्याची सही हवी होती. सही केली की घरी. कंपनीचा निरोप होता, करायची नाही.

पाच मिनिटांचा फोन मिळाला त्याला. "आई, काय करू?"

मी फोन दाजींच्या हातात कोंबला आणि त्यांच्यापुढे हात जोडले.

"आजोबा, बर्फ नव्हता हो."

दाजींनी माझे जोडलेले हात बघितले. मग म्हणाले, "होता म्हनून लिव."

"हे तुम्ही सांगताय?"

"मीच सांगतो. तुझ्या आयशीला तू पायजेस. कर सही."

प्रणित मंगळवारी येतोय. खोटा जबाब दिला म्हणून कंपनीने त्याला काढलंय. त्याची सही आता कुठल्याशा परिषदेत पुरावा म्हणून फिरेल, आणि त्यावरून कुणीतरी त्या समुद्रावर हक्क सांगेल. मला त्याचं काही वाटत नाही. पोरगा येतोय.

दाजी मात्र दोन दिवस धड जेवले नाहीत.

"त्याला आनायला तूच जा, मनिषा," म्हणाले. "मी त्याच्यासमोर नाय येत."